लाल डबी आणि मधलं बोट

बेस गिटार वाजवणारे बहुतेक जण उजव्या हाताची दोनच बोटं वापरतात, तर्जनी आणि मधलं. चालताना दोन पाय पडतात तशी ती आलटून पालटून तारेवर पडतात. गेल्या पावसाळ्यात बाइक घसरली आणि माझ्या मधल्या बोटाचं हाड मोडलं. पाच आठवड्यांनी पट्टी निघाली. बोट सरळ होतं, वाकतही होतं, पण तारेवर यायचं ते नव्या जावयासारखं, अंग चोरून. एक सूर ठाम, पुढचा पोकळ, परत एक ठाम. बेस अक्षरशः लंगडत होता.

आमचा ऑर्केस्ट्रा हळदी, लग्नं, नवरात्र असं सगळं करतो. गायकाला बदली मिळणं अवघड, बेसवाल्याला लगेच मिळतो. एक बदली तालमीला येऊन बसायलाही लागला होता. मुलगा चांगला होता, हेच वाईट.

तेव्हा आमच्या गिटारवाल्या काकांनी पिशवीतून एक लाल डबी काढली. पोह्यांच्या छोट्या डब्याएवढी, कोपऱ्यांचा रंग उडालेला, वर दोन काळे नॉब. एमएक्सआरचा डायना कॉम्प. काकांचे मेहुणे जहाजावर होते, त्यांनी १९७९ साली कुठल्याशा बंदरातून आणलेला. "लाव आणि सीझन काढ," काका म्हणाले, "मग परत दे." मी म्हटलं, "काका, हा तर गिटारचा आहे ना?" ते म्हणाले, "अरे, त्याला काय कळतंय कोण वाजवतंय ते!"

हा कॉम्प्रेसर करतो काय? समजा, तुमच्या आवाजाच्या फेडरवर एक साउंडवाला चोवीस तास बोट ठेवून बसलाय. तार जोरात छेडली की तो फेडर खाली ओढतो. सूर विझायला लागला की हळूहळू वर ढकलतो. त्यामुळे मोठा सूर लहान होतो, लहान सूर मोठा होतो आणि मरायला टेकलेला सूर आणखी थोडा जगतो. बस, एवढंच. पण गिटारसारख्या वाद्याला एवढंही खूप असतं. बासरीला फुंकर आहे, पेटीला भाता आहे. छेडायच्या वाद्याचा सूर जन्मल्या क्षणापासून विझतच जातो. मिरवणुकीतला बेंजोवाला एकच सूर टरररर करून का छेडतो? सूर मरतोय हे कुणाला कळू नये म्हणून.

स्टुडिओत ही यंत्रं आधीपासून होती. बिल पुटनमचा ११७६ हा १९६७चा, रॅकमध्ये बसणारा आणि स्टेजवर पायाशी ठेवता न येणारा. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी कीथ बार आणि टेरी शेरवूड यांनी एमएक्सआर काढली आणि तेच काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या डबीत बसवलं. आत आरसीएची सीए३०८० नावाची चिप. तिच्या एका पायात किती करंट सोडला त्यावर आवाज किती वाढणार ते ठरतं, म्हणजे साउंडवाल्याचं बोट ते हेच. लिटल फीटच्या लोवेल जॉर्जची स्लाइड गिटार ऐका. सूर संपतच नाही, त्यामागे ही डबी आहे.

मला गंमत वाटते ती नावांची. डायना कॉम्पच्या एका नॉबवर 'आउटपुट' लिहिलंय, दुसऱ्यावर 'सेन्सिटिव्हिटी'. नंतर रॉस कंपनीनं जवळजवळ हेच सर्किट राखाडी डबीत घातलं आणि त्याच नॉबला नाव दिलं 'सस्टेन'. बॉसनं तर १९७८च्या सीएस-१ पासून पेडललाच 'कॉम्प्रेशन सस्टेनर' म्हटलं. काम तेच, सूर दाबण्याचं. पण दाबणं विकलं जात नाही, टिकणं विकलं जातं. (इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफवरही 'सस्टेन' लिहिलेलं असतं. तो तर चक्क फझ आहे. नॉबवरच्या अक्षरांवर फार विश्वास ठेवू नये.)

सेन्सिटिव्हिटीचा नॉब घड्याळात तीन वाजता असतात तिथे नेला आणि माझं लंगडणं गेलं. तर्जनीचा सूर खाली आला, मधल्या बोटाचा वर आला, दोघं खांद्याला खांदा लावून उभे. त्याची किंमतही होती. या जुन्या डबीत बेसचा तळाचा जाड आवाज थोडा पातळ होतो, तो ॲम्पवर भरून काढावा लागायचा. आणि दोन गाण्यांच्या मधे, मी वाजवत नसताना, साउंडवाला बिचारा फेडर पूर्ण वर नेऊन ठेवायचा, की लगेच हिस्सस, त्यात हॉलच्या लाइटिंगची घरघर. डबीला दिवा नाही, त्यामुळे चालू आहे की बंद हे कानानंच ओळखायचं. केबल काढायला विसरलात तर बॅटरी संपत राहते. पण सीझन निघाला. बदली मुलगा तालमीला यायचा बंद झाला.

गोची वेगळ्याच दोन ठिकाणी झाली. पहिली लावणीत. ढोलकीच्या थापेबरोबर बेसनं एक ठोसा द्यायचा असतो, बाकीचे सूर त्याच्या मागे. मी ठोसा द्यायचो आणि डबी तो गिळायची. ढोलकीवाल्या दादांनी मध्यंतरात विचारलं, "काय रे, बेस झोपला का?" मग लावणीपुरती डबी बंद करून मी एकट्या तर्जनीवर वाजवायचो.

दुसरी फिजिओ मॅडमकडे. त्यांनी विचारलं, "वाजवताना बोटात फरक वाटतोय का?" आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. तीन महिने रोज वाजवत होतो, रोज सूर सारखेच ऐकू येत होते. लोकांना ऐकू न गेलेलं लंगडणं मलाही ऐकू येत नव्हतं. बोट सुधारलं असतं तरी कळलं नसतं, बिघडलं असतं तरी नाही.

मग घरी डबीशिवाय वाजवून फोनवर रेकॉर्ड केलं. सूर बरेच सारखे आले! दोन दिवस खुशीत होतो. मग लक्षात आलं, फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्येही तोच साउंडवाला बसलेला असतो. मोठा आवाज आपोआप खाली, लहान वर. तुम्ही व्हॉइस नोटमध्ये कुजबुजलात तरी ऐकू जातं ते त्याच्याच कृपेनं. शेवटी मित्राचा इंटरफेस आणून बेस थेट लॅपटॉपला जोडला. डबी लावून वाजवलं की स्क्रीनवर सपाट वीट दिसायची. डबी काढली की करवतीचे दात, एक उंच, एक बुटका. ती करवत बघून मला रडायला यायला हवं होतं, पण बरं वाटलं. हे माझं होतं, आणि मोजता येत होतं.

आता घरी डबीला हात लावत नाही. रोज वीस मिनिटं एकच सूर, एक दोन एक दोन, आणि दर रविवारी दातांचा स्क्रीनशॉट. स्टेजवर डबी असते, पण नॉब दर महिन्याला थोडा मागे घेतो. तीनवरून बारावर आला, आता दहाच्या जवळ आहे. काकांना परवा विचारलं, "डबी कधी देऊ?" ते म्हणाले, "शून्यावर आली की दे."

गेल्या शनिवारच्या हळदीत लावणी दोन्ही बोटांनी वाजवली, डबी बंद ठेवून. ठोसा तर्जनीनंच दिला. ढोलकीवाले दादा काही बोलले नाहीत. रविवारच्या स्क्रीनशॉटमध्ये बुटका दात अजून बुटकाच आहे, पण कोणता ते शोधायला झूम करावं लागलं.