मुक्काम पोस्ट अमरावती

परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अमरावतीला चाललोय रे. खायचं, राहायचं कुठे?"

खायचं तर तोंडपाठ! सकाळी गिला वडा. मग सांबारवडी, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. संध्याकाळी वडाळी नाहीतर छत्री तलावावर चक्कर मार. एकेकाळी शहर या तलावांचं पाणी प्यायचं, आता ते अप्पर वर्धा धरणातून येतं.

आणि राहायचं? इथे माझी गाडी अडली. एकवीस वर्षं त्या गावात काढली, पण लॉजवर एक रात्रही नाही. आई-बाबा पुण्याला आले आणि गेल्या वर्षी आम्ही घर विकलं. पुढच्या महिन्यात तिथे एका लग्नाला जायचंय, म्हणजे हा प्रश्न आता माझाही होता!

म्हणून जुन्या शेजारच्या काकूंना फोन लावला. म्हटलं, राजकमल चौकाजवळ एखादं बरं लॉज सांगा, मित्राला हवंय आणि मलाही.

काकू भडकल्याच. "तू लॉजवर कायले राह्यतं? आमी मेलो का?"

मित्राची सोय मग नेटवर शोधून दिली. माझी झालीये.