किला गेटचा जमाखर्च

कॉमर्सवाल्यांना गणितातले काय कळते, असे आमच्या सायन्सच्या मित्रमैत्रिणींचे मत आहे. ते खरेही असेल. पण शुद्ध गणित शिकायला युरोपात जायचे म्हटले की पहिला प्रश्न जमाखर्चाचा येतो, आणि तेथे आमचे शास्त्र थोडेफार उपयोगी पडते.

ग्वाल्हेरला किला गेटपाशी माझे मामा राहतात. त्यांच्या मुलीने, आमच्या ताईने, बी.एस्सी. नंतर जर्मनीत गणिताच्या मास्टर्ससाठी अर्ज करायचे ठरवले. दिवाळीच्या सुटीत मी गेले तेव्हा घरात फराळापेक्षा कागदच जास्त होते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्याला तिकडच्या व्हिसासाठी एपीएस नावाचा दाखला लागतो; त्याची फी अठरा हजार रुपये. आपली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे मानतात, काही खळखळ करतात. म्हणून लिनिअर अल्जिब्रा किती तास, अ‍ॅनालिसिस किती, कोणते पुस्तक, असा प्रत्येक विषयाचा तपशील ताईने लिहून काढला होता. तिच्या प्राध्यापकांनी तो वाचून शिफारसपत्रे दिली. हे सारे तिने एकटीने निभावले.

मामांचे घोडे अडले ते एका आकड्यापाशी. ११,९०४ युरो! एक युरो शंभर रुपयांचा धरला तरी ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. "अगं, फुकट शिकवतात म्हणाली होतीस ना? मग ही फी कसली?" मामा ताईवर वैतागले. ताई गणित सांगू लागली, ते त्यांना पटेना. मग मी वहीत दोन रकाने आखले. "मामा, ही फी नाही. ही ठेव आहे. पोरीच्याच नावे तिकडच्या खात्यात राहते, आणि तिला महिन्याला ९९२ युरो काढता येतात. खर्चाला पैसे आहेत एवढे सरकारला दाखवायचे." २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा लागू आहे. बॉन विद्यापीठात शिकवणीची फी नाही, सहामाहीला काही शे युरोंची वर्गणी तेवढी असते. उलट बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून परदेशी विद्यार्थ्याला सहामाहीला १,५०० युरो पडतात. त्या राज्याची नावे आम्ही यादीतून काढली. मामांनी चष्मा पुसला आणि वही पुन्हा पाहिली.

रँग्लर परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. त्यांना आधी बुद्धी दाखवावी लागली, ताईला आधी बँकेचे पुस्तक! एरास्मुस मुंडुसची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १,४०० युरो मिळतात. पण ती फार थोड्यांच्या वाट्याला येते.

एका सकाळी ताईने मला किल्ल्याच्या चढावरचे चतुर्भुज मंदिर दाखवले. एका दगडात कोरलेले छोटेसे देऊळ, पण त्यातल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट आहेत. २७० हात लांबीची बाग देवाला दिली आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या, असा तो मजकूर. मला हसू आले. जगभरचे गणिती ज्या शून्यासाठी येथे येतात तो शेवटी एक दानाचा हिशेबच की! (कन्नडात शून्याला ‘सोन्ने’ म्हणतात, हे मी ताईला सांगितले, तिला तो शब्द फार आवडला.)

आता राहिला कर्जाचा प्रश्न. साडेसात लाखांवर गेले की बँका साधारणपणे तारण मागतात. तारण द्यायचे तर राहते घर, आणि ते मामा आणि धाकटे मामा या दोघांच्या नावे. धाकट्या मामांचे म्हणणे असे की पोरगी नोकरीचे शिक्षण घेत असती तर लगेच सही दिली असती. टोपॉलॉजी शिकून कोणते दुकान उघडणार? मला त्यांचा राग आला नाही. घर त्यांचेही आहे.

ताईने त्यांना एक पानी पत्र लिहून दिले, हप्ता किती, कधीपासून, नोकरी लागली नाही तर काय. हिशेब मी तपासला, बरोबर आहे. मी परतले त्या दिवशी पत्र त्यांच्या उशाखाली होते, आणि त्यावर सही नव्हती.