कलांचोची रात्र आणि दिव्याखालचं सोयाबीन



आज पिकाची नोंद जरा मागं ठेवून कुंडीतल्या झाडावर लिहितोय. गेल्या महिनाभरात चार जणांनी तरी एकच गोष्ट विचारली. नर्सरीतून फुलांनी लगडलेलं कलांचो आणलं, महिना-दीड महिना फुलं टिकली, सुकली, आणि त्यानंतर दोन वर्षं नुसती पानंच. खत घातलं, पाणी घातलं, फूल काही येत नाही. आमच्या सूनबाईंचीही हीच तक्रार होती, म्हणून मी यात डोकं घातलं.

कलांचो म्हणजे आपल्या पानफुटीचं भावंड. पान मातीवर टाकलं की कडेला रोपं फुटतात ती पानफुटी. शाळेत सगळ्यांनी वहीत दाबून ठेवलेली. दोघंही मूळची मादागास्कर बेटावरची. पान जाड, मांसल, म्हणजे झाडानं पाण्याची टाकी बरोबर घेतलेली. ही झाडं पानाची छिद्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात, ड्रॅगनफ्रूटसारखीच. म्हणून यांना पाणी कमी. बोट घालून बघा, कुंडीतली वरची माती कोरडी लागली तरच घाला. पावसाळ्यात कुंडी पागोळ्याखाली राहिली की मूळ सडलंच म्हणून समजा.

पण पाणी-खत हा फुलाचा मुद्दाच नाही. मुद्दा आहे रात्रीचा. हे झाड रात्र मोजतं. सलग अंधार बारा तासांच्या पुढं गेला आणि असा सहाएक आठवडे मिळत राहिला की मग ते कळी धरतं. रात्र तुटली की पानं करत बसतं, तुम्ही त्याला काहीही खाऊ घाला.

शेतकऱ्याला हे नवीन नाही, फक्त नाव वेगळं. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, आणि त्यांचं एक पीक होतं तंबाखू, दुसरं सोयाबीन. त्यांनी सोयाबीन काही दिवसांच्या अंतरानं पेरत नेलं, तर पुढं-मागं पेरलेलं सगळं साधारण एकाच सुमाराला फुलायला लागलं. आपण दुसरं काय बघतो? पेरणी पंधरा-वीस दिवस लांबली की सोयाबीन बुटकं राहतं आणि तशातच फुलतं. त्याला वाढायला वेळ मिळाला नाही, पण रात्र लांबायला लागलेली त्याला कळली. शेवंती तशीच. उसाचा तुराही दिवसाच्या लांबीवरच ठरतो, तिथं आपल्याला फूल नको असतं एवढाच फरक.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. पुण्याच्या आसपास जूनमध्ये सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, म्हणजे रात्र पावणेअकरा तासांची. डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांचा, रात्र तेरा तासांची. घटस्थापनेच्या सुमाराला दिवस-रात्र सारखी होते आणि तिथून पुढं रात्र वाढत जाते. म्हणजे कलांचोला जेवढी रात्र लागते तेवढी आपल्याकडं ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपसूक मिळते. मग फूल का येत नाही?

कारण कुंडी हॉलमध्ये आहे. आमच्या हॉलमध्ये ट्यूब अकरापर्यंत चालू. टीव्ही, जेवणं, नातवाचा अभ्यास. पहाटे सहाला पुन्हा बटण दाबलं जातं. त्या कुंडीला रात्र मिळाली सात तासांची. जूनमधली सर्वात लहान रात्रसुद्धा याच्यापेक्षा मोठी! झाडाच्या लेखी बारा महिने भर उन्हाळाच चालू आहे, ते फुलेल कशाला.

गेल्या वर्षी एकाच झाडाच्या दोन फांद्यांपासून केलेल्या दोन कुंड्या घेतल्या. माती तीच, पाणी तेच. एक हॉलच्या खिडकीत होती तिथंच ठेवली. दुसरी घटस्थापनेला मागच्या ओट्यावर नेली, जिथं सकाळचं चार-पाच तास ऊन येतं आणि रात्री बल्ब लागत नाही. तिथला बल्ब मी काढूनच ठेवला, कारण घरातलं कुणी ना कुणी रात्री उठून लावतंच. नोव्हेंबरच्या शेवटी ओट्यावरच्या कुंडीत पानांच्या मधून बारीक हिरवे घोस वर आले. संक्रांतीला लाल फुलं. हॉलमधली कुंडी दिसायला जास्त डौलदार होती, पान मोठं, रंग गडद, आणि फूल एकही नाही.

नातवानं विचारलं, आजोबा, मग पौर्णिमेचं काय? चांगला प्रश्न आहे. चांदणं फार मंद असतं, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते खांबावरच्या दिव्यानं आणि ट्यूबनं. एक मात्र सांगतो, अंधार म्हणजे रात्रीचा. अंधार पाहिजे म्हणून कुंडी दिवसभर कोठीच्या खोलीत ठेवली तर झाड पिवळं पडून लांबुडकं होईल.

मोबाईलवर एक उपाय फिरतो, की संध्याकाळी पाचला कुंडीवर खोकं घाला आणि सकाळी आठला काढा. तो चालतो, पण ज्याला उन्हाळ्या-पावसाळ्यात फूल पाहिजे किंवा ज्याच्या फ्लॅटमध्ये दिव्याशिवाय जागाच नाही, त्याच्यासाठी. एक दिवस विसरून चालत नाही, आणि आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात खोक्याखाली गरम होतं. रात्र गरम गेली तर कळी आणखी लांबते. जागा बदलणं सोपं.

बाकी थोडक्यात. नत्र हात राखून. युरिया तर नकोच. कळी धरायच्या दिवसांत द्यायचंच असेल तर ०:५२:३४ लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, पुरतं. फुलं सुकली की दांडा खालच्या दोन पानांपर्यंत छाटा. छाटलेल्या फांद्या टाकू नका, चार दिवस सावलीत जखम सुकू द्या आणि निम्मी वाळू घातलेल्या मातीत खोचा. कळी दिसल्यावर कुंडी पुन्हा हॉलमध्ये आणली तरी चालते, तोवर तिचं ठरलेलं असतं. हा नियम सगळ्या जाड पानांच्या झाडांना लावू नका. अडेनियमला कडक ऊन आणि छाटणी पाहिजे, ब्रह्मकमळाचं गणित आणखी वेगळं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

आमच्या वाडीच्या रस्त्याला मागच्या वर्षी नवीन पांढरे एलईडी दिवे लागले. चांगलं झालं, रात्री दूध घालायला जाणाऱ्या पोरांना, बायाबापड्यांना साप-विंचू दिसतो. पण एक खांब बरोबर आमच्या सोयाबीनच्या बांधावर आहे. जेएस ३३५ होतं, जूनची पेरणी. सप्टेंबरच्या अखेरीस सगळं रान पिवळं होऊन पानगळ झाली, आणि खांबाभोवती दहा-बारा पावलांचा एक गोल हिरवागार उभा. शेंगा कोवळ्या, झाड बाकीच्यांपेक्षा उंच. मजूर आले तर म्हणाले, इथं जास्तीचं खत पडलं का? खत तेच होतं. हॉलमधल्या कुंडीला जे होतं तेच रानाला झालं होतं. तो गोल वेगळा ठेवला, नंतर कापला. एकत्र मळला असता तर हिरवे दाणे आणि ओल सगळ्या पोत्यांत गेली असती आणि बाजारात भाव पाडून मागितला असता.

माझं नुकसान पोतं-दोन पोत्यांचं. शेजारच्या शेवंतीवाल्याचं मोठं. त्याची दहा गुंठे दसऱ्याला धरलेली. रस्त्याकडच्या चार सऱ्यांना दसऱ्याला कळी नव्हती, फुलं निघाली दिवाळी उलटल्यावर, तोडणीची मजुरी निघेना. त्याला वाटलं रोपंच मिसळीची आली, आणि रोपवाटिकावाल्याशी भांडून बसला. मी त्याला रात्री आठला रानात नेलं आणि दाखवलं, जिथवर आपली सावली पडते तिथवरच फूल मागं राहिलंय. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात. शेवंतीचा दांडा लांब व्हावा म्हणून मध्यरात्री काही तास दिवे लावून रात्र तोडतात, आणि दांडा भरला की दिवे बंद करून काळं कापड ओढतात. याच्या रानात तेच काम फुकटात झालं, नको त्या वेळी.

दिवा काढा असं आम्ही दोघंही म्हणत नाही. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, की रानाच्या बाजूला पत्र्याची झाप लावून उजेड रस्त्यावर पाडावा. वायरमन म्हणतो तासाभराचं काम आहे. तोवर शेवंतीवाल्यानं त्या चार सऱ्यांत यंदा झेंडू घ्यायचं ठरवलंय, झेंडू दिव्याचं शेवंतीएवढं मनावर घेत नाही.

तुमच्या रानात खांब असेल तर यंदा सोयाबीन पिवळं पडायच्या वेळी एक चक्कर मारा आणि हिरवा गोल किती पावलांचा आहे ते मोजून मला कळवा. दिव्याचा रंग पांढरा की पिवळा तेही लिहा. ज्याच्या घरी कलांचो आहे त्यानं घटस्थापनेच्या आधी जागा बघून ठेवावी.