थोरले गाव

इंग्रजीच्या सहकारी बाई रजेवर गेल्या आणि अकरावीचे त्यांचे बदली तास आम्हां दोघांच्या वाट्याला आले. आम्ही दोघेही मराठीचे एम.ए.; इंग्रजी व्याकरणाशी आमचे नाते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपाशी सुरू होऊन बहुधा तिथेच थांबलेले. फळ्यावर 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' लिहिताना हात किंचित अडखळला, हे मान्य करायला हवे. आखूड शब्द प्रत्यय अंगावर घेतो, 'ब्यूटिफुल'सारखा लांबलचक शब्द पुढे 'मोअर' किंवा 'मोस्ट' उभा करतो, आणि 'गुड' तर 'बेटर' होताना पूर्वीची ओळखच सोडतो, इतके सांगून आम्ही मुलांना आपापल्या परिसरावर पाच तुलनात्मक वाक्ये लिहायला दिली.

'मोअर बेटर' अपेक्षितच होते. मराठीत 'अधिक चांगले' म्हणणारा मुलगा इंग्रजीत तसाच जाणार. (शेक्सपिअरच्या नाटकांतही अशी दुहेरी रूपे सापडतात, पण ही सबब बारावीच्या परीक्षेत चालत नाही.) आम्हांला अडवले ते बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून येणाऱ्या एका मुलीच्या वाक्याने : 'माय व्हिलेज इज एल्डर दॅन नवी मुंबई.' आम्ही लाल रेघ मारली आणि वर 'ओल्डर' लिहिले. 'एल्डर' हा शब्द कुटुंबातल्या माणसांसाठी, शिवाय त्यापुढे 'दॅन' येत नाही, हा नियम समजावून सांगितला. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण सर, आमचं गाव थोरलंच ना?"

तास संपला, तरी ते वाक्य आमच्याबरोबर स्टाफरूममध्ये आले.

मराठी विशेषण तुलनेत बदलत नाही. 'उंच' हा 'उंच'च राहतो. भार पडतो तो दुसऱ्यावर. 'भावापेक्षा उंच', 'डोंगराहून उंच'. आणि हे 'पेक्षा' आले आहे संस्कृत 'अपेक्षे'तून, म्हणजे एकाकडे पाहून दुसऱ्याविषयी बोलणे. इंग्रजी जाहिरातीत 'बेटर' एकटा मिरवू शकतो. कोणापेक्षा, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मराठीत 'पेक्षा' म्हटले की दुसऱ्याचे नाव घ्यावेच लागते. सर्वाधिक्य दाखवायला आपण 'सर्वांत' म्हणतो किंवा शब्द त्याच्याच पोटात घालतो : मोठ्यात मोठा, कमीत कमी.

प्रत्यय आपल्याकडे आहेत, पण ते संस्कृतातून उसने घेतलेले. 'तर' आणि 'तम' यांच्याशी बहुतेकांची ओळख लसावि-मसावितल्या 'लघुतम' आणि 'महत्तम' यांनी होते. दुसरी जोडी 'ईयस्' आणि 'इष्ठ' यांची. यातला 'इष्ठ' हा इंग्रजी 'एस्ट'चा सख्खा नातेवाईक आहे. संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' हे तर एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज. मराठीत मात्र या 'इष्ठ'ची धार गेली. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वांत उत्तम, तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'श्रेष्ठतम'ही म्हणतो. 'कनिष्ठ' म्हणजे सर्वांत धाकटा; त्या हिशेबाने राज्यातले प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालय सर्वांत धाकटे ठरते. इंग्रजीतला 'ज्युनिअर' मुळात लॅटिनमधला तरभाव, आपण त्याचे भाषांतर तमभावाने केले आणि पगारपत्रकावर तो शब्द निमूट वागवतो आहोत.

उलट दिशेची आयात आम्हांला अधिक टोचते. स्वच्छ सर्वेक्षण 2020 मध्ये दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत इंदूर आणि सुरत यांच्यामागे नवी मुंबई तिसरी आली. याचे सरळ मराठी 'स्वच्छतेत तिसरे शहर'. मुले लिहितात 'तिसरे सर्वांत स्वच्छ शहर'. वर्तमानपत्रांतही 'दुसरे सर्वांत मोठे' भेटतच असते. सर्वांत स्वच्छ जे असेल ते एकच. त्यात तिसरे कुठून येणार? 'थर्ड क्लीनेस्ट' ही इंग्रजीची सोय आहे, मराठीत तिचा विरोधाभास होतो. हे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो आहोत, उपयोग फारसा नाही.

पण 'थोरला'पाशी आमचे सगळे पांडित्य थबकले. 'थोर' म्हणजे मोठा. 'थोरला' म्हणजे भावंडांतला मोठा. प्रत्यय नसलेल्या मराठीने इथे तुलना शब्दातच मुरवून ठेवली आहे, तीही घरातल्या नात्यासह. म्हणजे त्या मुलीने 'एल्डर' हा शब्द चुकून निवडलाच नव्हता. तिच्या मनात जो शब्द होता, त्याचे इंग्रजी तेच. सिडको 1970 साली स्थापन झाली; 95 गावांच्या जमिनींवर शहर आखले गेले; आणि त्या शहराचे नाव ठेवले ते खाडीपलीकडच्या मुंबईकडे पाहून. 'नवी' कोणापेक्षा, याचे उत्तर नावातच आहे. दिवाळे मात्र त्या तुलनेत कुठेच नाही. कोळ्यांच्या होड्या आणि मासळीबाजार असलेले हे गाव शहरापेक्षा नुसते जुने नाही, नात्याने मोठे आहे, असे ती म्हणत होती. आम्ही ते नाते खोडून वय तेवढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा मागून घेतली. 'ओल्डर' तसेच राहू दिले, कारण परीक्षेत गुण त्यालाच मिळणार. समासात पेन्सिलीने 'थोरले' लिहिले आणि वही परत केली. तिने ते वाचले आणि विचारले, "सर, मग हे वाक्य बरोबर धरायचं का चूक?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेवढ्यात घंटा झाली.