बरोबर उत्तराची उलटतपासणी

बी.एस्सी.च्या वर्गात हवामानबदल शिकवताना मला कधी विरोध झालेला नाही. माझी खरी अडचण तीच आहे. पृथ्वी तापतेय का, असं विचारलं की सगळा वर्ग हो म्हणतो. का तापतेय, असं विचारलं की प्रदूषण, प्लॅस्टिक, वृक्षतोड, ओझोनला पडलेलं भोक, सगळं एका दमात येतं. पर्यावरणाचा पेपर देशभर सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशातून. आदेशामागचा हेतू चांगलाच होता. आमच्याकडे मात्र तो पेपर आदल्या रात्री गाइड वाचून निघतो, प्रोजेक्टच्या वहीत ध्रुवीय अस्वलाचं चित्र चिकटतं आणि त्या पेपरला नापास झालेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. या विषयाला लागणारं जवळजवळ सगळं आमच्या अभ्यासक्रमात आधीपासून आहे, फक्त विखुरलेलं. उष्मागतिकीत स्टीफनचा नियम येतो. त्याच पुस्तकात पुढे क्लॉशियस-क्लॅपेरॉनचं समीकरण येतं. शेवटच्या वर्षाला रेणूंची कंपनं येतात. तिन्हींवर ‘सिद्ध करा’ असे प्रश्न पडतात आणि मुलं ते व्यवस्थित सिद्ध करून येतात. ही समीकरणं आपल्याच डोक्यावरच्या आभाळाची आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मी अस्वल बाजूला ठेवते आणि फळ्यापासून सुरुवात करते. सूर्याकडून आपल्यापर्यंत दर चौरस मीटरला 1361 वॅट पोचतात. याला चारने भागायचं. का? इथे वर्ग थोडा वेळ गप्प असतो. मग कुणीतरी सांगतं, की ऊन अडवलं जातं वर्तुळाएवढ्या क्षेत्रावर, पण उष्णता बाहेर पडते अख्ख्या गोलावरून. परत फिरणारे 30 टक्के वजा करायचे, उरलेले 238 वॅट स्टीफनच्या नियमात घालायचे आणि तापमान काढायचं. 255 केल्विन. म्हणजे उणे 18 अंश सेल्सिअस. लगेच मागच्या बाकांवर कॅल्क्युलेटर पुन्हा बडवले जातात. मार्च महिना, पंखा फुल्ल, घामाने शर्ट पाठीला चिकटलेले आणि उत्तर उणे 18! गणित बरोबर आहे, असं मी सांगते तेव्हा तेवढ्यापुरता त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान 15 अंशांच्या आसपास. मधले 33 अंश कुठून आले, हा प्रश्न आता त्यांचा स्वतःचा झालेला असतो.

मग कार्बन डायऑक्साइडचा रेणू करून दाखवायला तिघांना पुढे बोलावते. मधली मुलगी कार्बन, कडेची दोघं ऑक्सिजन, हातात हात. मधली पुढे सरकली की कडेची मागे, मधली मागे गेली की कडेची पुढे. वर्ग हसतो, पण हेच ते वाकण्याचं कंपन, 15 मायक्रोमीटरच्या आसपासचं अवरक्त प्रारण शोषून घेणारं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून कोरड्या हवेचा 99 टक्के भाग, पण त्यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे. कितीही थरथरले तरी विद्युतभार इकडचा तिकडे होत नाही, म्हणून या खेळात त्यांना जागा नाही. सगळी करामत उरलेल्या चिमूटभर वायूंची आणि पाण्याच्या वाफेची. स्वीडनच्या अर्‍हेनियसने 1896 मध्ये हाताने आकडेमोड करून कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल असं मांडलं होतं. आजचा अंदाज त्याहून कमी आहे. पृथ्वी तापली तर बरंच होईल असंही त्याला वाटे. स्वीडनमध्ये बसून तसं वाटायला हरकत नव्हती. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावला बसून वाटलं नसतं.

मुलांना सर्वांत आवडते ती युनिस फूट. अमेरिकेतल्या या बाईने 1856 मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि नळकांडी उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं. एका बॅचने गच्चीवर तोच प्रयोग केला: संगमरवराचे तुकडे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन सारख्या बरण्या. फरक दिसला आणि टाळ्या पडल्या. एक मुलगा मात्र टाळ्या वाजवेना. मला म्हणाला, “मॅडम, हा वायू हवेपेक्षा जड. बरणीत तळाला बसून राहिला, वरखाली फिरलाच नाही, म्हणून तापला असेल तर?”

शंका अगदी रास्त होती. शिवाय फूटच्या प्रयोगात सूर्याचं ऊन आणि जमिनीतून निघणारी उष्णता यांची फारकत झालेलीच नव्हती. ती काही वर्षांनी टिंडल या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत केली. टाळ्या वाजवणाऱ्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण त्या बरणीतून तो सिद्ध होत नव्हता. विज्ञानाच्या मुलांनी हा विषय शिकायचा तो याच शंकेसाठी, असं माझं ठाम मत आहे. घोषणा द्यायला पदवी लागत नाही.

हे मत सांगलीत टिकवून धरणं मात्र अवघड जातं. पावसाळ्यात इथे भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या पुलापाशी, पाणी किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांनी तेव्हा घरातलं सामान माळ्यावर चढवलं होतं आणि मग माळाही पाण्यात गेला होता. ती मुलं विचारतात, “महापूर हवामानबदलामुळेच ना, मॅडम?” त्यांना नुसतं ‘हो’ हवं असतं. मी क्लॉशियस-क्लॅपेरॉन काढते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे कोसळायला जास्त पाणी तयार असतं. पण लगेच पुढचं सांगावं लागतं. भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात वाढलं ते साधारण 0.7 अंशांनी, जगाच्या सरासरीपेक्षा कमी, आणि त्याचं एक कारण आपल्याच हवेतले धूलिकण. मोठ्या पट्ट्यात एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 नंतर तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, पण तो अभ्यास मध्य भारताचा. ज्याचं पाणी सांगलीकडे येतं ते कोयनेचं खोरं त्याच्या दक्षिणेला. शिवाय धरणातून पाणी कधी सोडलं, नदीकाठी भराव किती पडले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय, हे सगळं त्याच 57 फुटांत मिसळलेलं आहे.

एवढं बोलून झाल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला सोसत नाही. ज्याच्या घरात गाळ साचला होता त्याला मी टक्केवारी देत असते. तरीही मी ती देते. ‘सगळं हवामानबदलामुळे’ हे उत्तर पूरग्रस्तापेक्षा भराव टाकणाऱ्याच्या जास्त सोयीचं आहे.

गेल्या बॅचमधली एक मुलगी नदीकाठच्या गावातून यायची. तिच्या घरच्यांनी प्लॉट बघितला होता, निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधला. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. “मॅडम, ती शंभर वर्षं जुन्या पावसावरूनच काढलीत ना? मग पाऊस बदलला तर रेषा कुठं जाणार?” 2005, 2019, 2021 हे तीन पूर तिने वहीत एकाखाली एक लिहून आणले होते.

पुढच्या तासाला तो प्रश्न मी फळ्यावर लिहिला. संख्याशास्त्राच्या पोरांनी तीन आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही असा पवित्रा घेतला. ती म्हणाली, सिद्ध व्हायची वाट बघत घर बांधायचं थांबवता येतं का? वाद व्हरांड्यापर्यंत गेला. शेवटी आयर्विनच्या पातळीच्या जितक्या जुन्या नोंदी मिळतील तितक्या जमवायच्या ठरल्या, आणि अर्ज कुणाच्या नावाने करायचा यावर पुन्हा भांडण सुरू झालं.