आधी छप्पर, मग सॅक

कुणकेश्वर, ता. देवगड
कोजागिरीनंतरचा सोमवार

चि. ओंकार,


तुझं पत्र पोचलं. डिसेंबरात कॅमेरा घेऊन फोंडाघाटाच्या रानात आणि वर दाजीपूरच्या बाजूला भटकायचं आणि परत येताना किनाऱ्याने चालत कुणकेश्वर गाठायचं, हा बेत मला मनापासून आवडला. सॅक कोणती घेऊ आणि तंबू कोणता, असं तू विचारलंस. माझ्या मते आधी विचार छपराचा करायला हवा. दुकानात सॅक पहिली दिसते म्हणून आपण ती पहिली घेतो, आणि मग सत्तर लिटरची सॅक रिकामी राहू नये म्हणून तिच्यात सामान भरत जातो. रात्री डोक्यावर काय असणार हे एकदा ठरलं, की बाकीचं सामान किती आणि कसं लागेल ते आपोआप ठरतं. सॅक म्हणजे त्या सामानाचं माप, इतकंच.

तू पत्रासोबत पाठवलेल्या सामानाच्या याद्या अमेरिकेतल्या डोंगरांत हरणामागे आठवडाभर फिरणाऱ्या शिकाऱ्यांसाठी केलेल्या आहेत. त्यांचं आणि तुझं काम बरंचसं सारखं आहे, हे मी मानतो. मळलेली वाट सोडायची, पहाटेच्या आधी जागेवर पोचायचं, तासन् तास गप्प बसायचं. बंदूक काय आणि लांब लेन्स काय, रानात माणसाकडून मागणी तीच असते. आपल्याकडे शिकारीचा रस्ता १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून बंद होत गेला. कोल्हापूर संस्थानचं शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं जंगल तर त्याआधीच, १९५८मध्ये अभयारण्य झालं होतं. पण त्या याद्यांतली गृहीतं आपल्या रानाची नाहीत. त्यांना बर्फ आणि गोठवणारी थंडी झेलायची असते, आणि परतताना मारलेल्या जनावराचं मांस पाठीवर आणायचं असतं. तुझा शत्रू दमटपणा आहे, आणि पाठीवरचं सगळ्यात जड ओझं असणार आहे पाणी.

दमटपणाचं आधी सांगतो. कोकणात पावसाळा संपला तरी रात्री दव पडतं. निरभ्र आकाशाखाली ताणलेलं कापड आपली उष्णता वर सोडत गार होतं आणि हवेतली वाफ त्याच्यावर थेंब होऊन बसते. बंद तंबूत माणसाच्या श्वासाची वाफही त्यात मिळते, आणि पहाटे आतलं कापड हाताला ओलं लागतं. बाजारातला दोन माणसांचा साधा दुपदरी तंबू अडीच-तीन किलोचा असतो. त्याचा आतला पदर ती ओल अंगावर येऊ देत नाही हे खरं, पण वाफ कोंडणारा आडोसा आधी उभा करायचा आणि मग तिच्यापासून बचाव करायला आणखी एक पदर वाहायचा, हा हिशेब मला पटत नाही. भातलावणीचं इरलं आठव. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते छप्पर पाठीवर असतं, खालून उघडं असतं, म्हणून त्यात माणूस भिजत नाही आणि उबतही नाही. रेनकोट घालून कुणी दिवसभर चिखलात वाकून बघावं, म्हणजे इरलं करणाऱ्यांना काय कळलं होतं ते लक्षात येईल. तुला हवं आहे ते रात्रीचं इरलं, म्हणजे तीन मीटर बाय तीन मीटरची सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनची ताडपत्री. असं कापड चौरस मीटरला साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं, त्यामुळे दोऱ्या धरूनही ती अर्ध्या किलोच्या आसपास राहते. ती झाडाखाली बांध. फांद्यांच्या आडोशाला दव कमी धरतं. मात्र माडाखाली कधी नाही, आणि वाळकी फांदी असलेल्या झाडाखालीही नाही.

यावर तू विचारशील, आणि विचारायलाच हवं, की साप-विंचवांचं काय? इथे मी काहीही सैल सोडायला तयार नाही. सिंधुदुर्गात फुरसं भरपूर आहे, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बऱ्याचदा त्याला पत्ताही लागत नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत, त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आयुष्यभर काम केलं, ते उगाच नव्हे. तेव्हा ताडपत्रीखाली मच्छरदाणी हवीच, आणि ती नुसती लोंबणारी नको. तळ शिवलेला, तळाच्या कडा वीतभर वर आलेल्या आणि चेन पूर्ण बंद होणारी हवी. तिचे सहाशे-सातशे ग्रॅम मी आनंदाने वाहायला सांगेन. तरी एकूण सव्वा किलोच्या आत राहतोस. उघड्यावर थंडी वाजेल, ही दुसरी शंका. दाजीपूरला डिसेंबरात गारठा असतो, पण ऊब छपराने येत नाही. ती खालच्या चटईने आणि अंगावरच्या पांघरुणाने येते.

पुष्कळ रात्री तर छपराची गरजच पडणार नाही. आपल्याकडे गावोगावी देवळाचे सभामंडप आहेत. गावात विचारून, गुरवाला सांगून पडायला जागा मिळते. आंब्याच्या बागेतल्या मांगराचंही तेच. १९५५मध्ये एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या बाईने अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकटीने चालून पुरी केली. तिच्याजवळ हाताने शिवलेली एक झोळी होती आणि छपरासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. वाटेतल्या घरांनीही तिला आसरा दिला. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, तेव्हा मुक्काम हद्दीबाहेर, मालकाला विचारून, आणि गवे पाण्यावर उतरतात ती वाट सोडून.

आता सॅक. इथे मी हलक्यातल्या हलक्या सामानाच्या भक्तांपासून वेगळा होतो. अर्ध्या किलोची, सांगाडा नसलेली सॅक सात-आठ किलोपर्यंत ठीक असते. पण आपला जांभा पाणी धरत नाही. पावसाळ्यात झऱ्यांनी वाहणारा सडा डिसेंबरात पायाखाली ठणठणीत कोरडा असतो. पाच लिटर पाणी घेतलंस की पाच किलो वाढले, आणि सांगाडा नसला तर ते सगळे खांद्यावर लोंबतात. म्हणून ४५ लिटरची, आत सांगाडा असलेली, रुंद कमरपट्ट्याची सॅक घे. तंबूत वाचलेलं दीड किलो वजन म्हणजे दीड लिटर पाणी, हे डोक्यात ठेव. सॅकचं माप उंचीवर जात नाही, पाठीच्या लांबीवर जातं. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत मोजायचं. कमरपट्टा त्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. दुकानात दहा किलो वजन भरून अर्धा तास चाल. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

सॅकवरच्या पावसाळी खोळीवर विसंबू नकोस, पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतं. खताच्या गोणीत असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी, अर्थात नवी, आत अस्तरासारखी घाल आणि तोंड पिळून बांध. किनाऱ्यावर पुळणीत साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून ती हातभर खोल पुरायची आणि दोरी तिला बांधायची. घरी आलास की कापड सावलीत पूर्ण वाळव आणि सुती पिशवीत सैल ठेव. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कापड आपल्या हवेत दडपून ठेवलं, तर लेप चिकट होऊन सुटायला लागतो. सॅकला आतून बहुधा हाच लेप असतो, म्हणून तीही माळ्यावर टाकू नकोस. जुनी कुणाची घेणार असलास तर आधी आत हात घालून आणि वास घेऊन बघ.

तेव्हा अजून काही विकत घेऊ नकोस. आईकडून शिवणाच्या टेपने पाठ मोजून घे आणि आकडा कळव. लेन्स आणि तिवई धरून कॅमेऱ्याचं वजन किती भरतं, तेही लिही. पाणी किती झेपेल ते त्यावर ठरेल.

तुझा,
काका