मंगळासाठी मशवरा

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएलचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी, आरोयो सेको नावाच्या बहुतेक वेळ कोरड्याच असलेल्या नदीकाठी, पासाडेनाजवळ जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी वसली आहे. नातेवाइकांकडे गेलो होतो तेव्हा आम्ही आधी नाव नोंदवून ती पाहून आलो. तिकीट नाही, पासपोर्ट मात्र हवा.

गॅलरीच्या काचेतून मंद उजेडातला नियंत्रण कक्ष दिसतो, मुले तिथून हलत नाहीत. आमच्या मनात मात्र मॅपजेन होते. ते काचेआड ठेवता येत नाही, कारण ते सॉफ्टवेअर आहे.

जानेवारी 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या दोन गाड्या मंगळावर उतरल्या. मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा आहे. सुरुवातीचे काही महिने इथली माणसे मंगळाच्याच घड्याळावर कामाला येत. रमजानमध्ये सेहरीभोवती घर कसे फिरते ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तर वेळ रोज 40 मिनिटे पुढे सरके.

गाडीची रात्र ही यांची मशवऱ्याची वेळ. शास्त्रज्ञ म्हणत, हा दगड घासून पाहू, तिकडचा फोटो घेऊ. अभियंते म्हणत, सौर पट्ट्यांची वीज इतकीच आहे, शिवाय हाताचे सांधे आधी गरम करावे लागतील. मंगळावर सकाळ होईपर्यंत एकच आराखडा पाठवायचा. त्यात चूक राहिली तर तिथे दुरुस्तीला कोण जाणार?

मॅपजेन नासाच्या एम्स केंद्राने आणि या प्रयोगशाळेने मिळून घडवले. सगळ्या मागण्या भरा, कळ दाबा, नियमात बसणारे वेळापत्रक घ्या, अशी त्यात सोय होती. पण अमुक काम का गळले, तमुक दुपारी का गेले, हे ते वापरणाऱ्यांना उमगेना. न समजलेल्या आराखड्याची जबाबदारी घेणार कोण? म्हणून निवडक कामे थोडी थोडी बसवण्याची सोय केली गेली. एखादे काम हाताने सरकवले, तर त्याला बांधलेली कामे नियम न मोडता आपोआप सरकत.

ज्यांनी शाळेचे वेळापत्रक लावले आहे त्यांना याची किंमत कळेल. गणिताचा एक तास हलवला की चार वर्ग हलतात, आणि शिक्षकखोलीत पहिला प्रश्न 'का?' हाच येतो. आम्ही तर अजून खोडरबरानेच करतो.

दोन्ही गाड्यांचे काम 90 मंगळदिवसांचे ठरले होते. स्पिरिटशी संपर्क 2010 मध्ये तुटला. ऑपर्च्युनिटीसाठी आराखडे 2018 पर्यंत होत राहिले.